पस्तिसाची रेघ आणि जनुकांची यादी

पावसाळ्यात संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी या नद्यांचे पाणी चढू लागले की बाजारपेठेत एकच चौकशी सुरू होते : इशारा पातळी झाली का? धोका पातळी झाली का? दुकानातला माल माळ्यावर कधी चढवायचा, गाडी कुठे नेऊन लावायची, हे या दोन रेघांवर ठरते. कुठेतरी रेघ ओढल्यावाचून असे निर्णय होत नाहीत, आणि ती हातभर वर असावी की हातभर खाली यावर वाद घालायला त्या वेळी कोणाला सवडही नसते. मात्र पातळी मोजणारा माणूस आपल्या नोंदवहीत ‘ओलांडली’ किंवा ‘ओलांडली नाही’ एवढेच लिहीत नाही. तो वेळ लिहितो आणि पाण्याची उंची मीटरमध्ये लिहितो. त्याने नुसते होय-नाही लिहून ठेवले असते, तर पाणी दिवसभर रेघेच्या वीतभर खाली उभे होते की पार तळाला गेले होते, हे दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते.

जनुकांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत अशी होय-नाहीची वही बरीच वर्षे ठेवली जात होती. काही ठिकाणी आजही ठेवली जाते. ती सुधारण्यासाठी २००३ ते २००५ या काळात ‘जीन सेट एनरिचमेंट अॅनालिसिस’ ही पद्धत पुढे आली. आपण तिला जनुकसंच विश्लेषण म्हणू. हजारो शोधनिबंधांत ती वापरली गेली आहे. तिने एक मोठी रेघ पुसली, हे निर्विवाद. पण त्या जागी ज्या नव्या रेघा आल्या त्यांच्याकडे वापरणाऱ्यांचे पुरेसे लक्ष नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी मूळ अडचण पाहू. आपल्या स्नायूच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुके तीच असतात, पण कोणते जनुक किती बोलते यात फरक असतो. जनुकाच्या बोलण्याची मोजदाद त्याच्यापासून बनलेल्या संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून करता येते. १९९० च्या दशकात काचेच्या किंवा सिलिकॉनच्या लहानशा चकतीवर एकाच वेळी हजारो जनुकांची अशी मोजणी करण्याचे तंत्र आले. मग संशोधक रोगी माणसांच्या आणि निरोगी माणसांच्या ऊतींचे नमुने घेऊ लागले, प्रत्येक जनुकाच्या प्रमाणातला फरक काढू लागले, आणि त्यांच्या हातात वीस-बावीस हजार आकड्यांची यादी येऊ लागली. एवढ्या यादीकडे बघून करायचे काय? सोपा मार्ग असा : दोन गटांत किमान दुप्पट फरक असलेली किंवा योगायोगाची शक्यता शंभरात पाचांहून कमी असलेली जनुके निवडायची, बाकीची सोडून द्यायची. मग निवडलेल्या जनुकांत एखाद्या विशिष्ट कामाची, उदाहरणार्थ साखर जाळण्याची, जनुके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का ते मोजायचे.

यात गडबड कुठे आहे, ते जनुकांपेक्षा मुलांच्या उदाहरणातून लवकर कळेल. शाळा, वाडी आणि पुढचे गुण काल्पनिक आहेत, त्यावरचे गणित मात्र करून पाहिलेले आहे.

दहावीच्या एका वर्गात चाळीस मुले आहेत. त्यांतली दहा नदीपलीकडच्या वाडीतली. जुलैमध्ये साकव वाहून गेला आणि या दहा जणांना कित्येक दिवस लांबचा वळसा घालून शाळेत यावे लागले. सहामाहीचा गणिताचा निकाल हाती आल्यावर मुख्याध्यापकांनी विचारले, ‘‘साकव गेल्याचा वाडीच्या मुलांवर परिणाम झाला का हो?’’

पहिल्या सरांनी नापासांची यादी काढली. पस्तिसाच्या खाली आठ मुले होती, त्यांत वाडीची तीन. वर्गात वाडीची मुले एक चतुर्थांश आहेत, म्हणजे आठांत दोन यायचीच, तीन आली. चाळीस नावांच्या चिठ्ठ्या करून डोळे मिटून आठ उचलल्या, तरी त्यांत वाडीची तीन किंवा अधिक नावे येण्याची शक्यता शंभरात ३१ आहे. सर म्हणाले, परिणाम दिसत नाही.

दुसऱ्या बाईंना पस्तीस ही रेघ फारच खाली वाटली. त्यांनी ती चाळिसावर ओढली. आता रेघेखाली बारा मुले आली, त्यांत वाडीची सात! बारा चिठ्ठ्यांत सात किंवा अधिक येण्याची शक्यता हजारात तीन. बाई म्हणाल्या, परिणाम उघड आहे. तिसऱ्या सरांनी पन्नासावर रेघ ओढली. खाली वीस मुले, त्यांत वाडीची आठ. शक्यता शंभरात तीन. परिणाम आहे, पण बाई म्हणतात तितका ठळक नाही.

वर्ग तोच, गुण तेच, प्रश्न तोच. आणि योगायोगाची शक्यता मात्र ३१ टक्के, ०.३ टक्के आणि ३ टक्के. घडले होते ते एवढेच की पस्तीस ते एकोणचाळीस या पट्ट्यात चार मुले होती आणि चारही वाडीची होती. काठावर निभावलेली. (चौतीस हा गुण निकालपत्रावर फारसा दिसत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.) पस्तिसाच्या रेघेने या चौघांना पंच्याण्णव गुणवाल्याच्या रांगेत नेऊन बसवले. चाळिसाच्या रेघेने शून्यवाल्याच्या रांगेत बसवले. चौघांचे गुण कागदावर होते. रेघ ओढल्याबरोबर ते हरवले.

तिन्ही शिक्षकांनी आपापली रेघ प्रामाणिकपणे निवडली होती, हे लक्षात घ्या. पस्तिसाला बोर्डाचा आधार आहे, पन्नासाला निम्म्याचा, चाळिसालाही काहीतरी सांगता येईल. खरा घोटाळा चौथ्या माणसाचा. तो गुपचूप तिन्ही रेघा ओढून पाहतो आणि अहवालात फक्त चाळिसाची लिहितो. त्याने एकही आकडा खोटा लिहिलेला नसतो. अहवाल वाचणाऱ्याला मात्र ‘हजारात तीन’ एवढेच दिसते, आणि हजारात तीन हे तीन प्रयत्नांतले सर्वांत चांगले होते, हे कळायला मार्ग नसतो.

आता जनुकांकडे परत जाऊ. वमसी मूथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वीडनमधील ४३ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे त्यांनी तपासले होते. त्यांतले १७ निरोगी होते, ८ जणांची साखर सीमेवर होती आणि १८ जणांना प्रौढ वयातला मधुमेह होता. बावीस हजारांहून अधिक मोजमापे झाली. एकेका जनुकाची परीक्षा घेतली तेव्हा मधुमेही आणि निरोगी यांत खात्रीने वेगळे म्हणावे असे एकही जनुक सापडले नाही. याचे कारण असे की वीस हजार परीक्षा घेतल्या तर शंभरात पाच या हिशेबाने एक हजार जनुके निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतात. ही खोगीरभरती टाळायची तर रेघ इतकी कडक करावी लागते की तिच्यावरून कोणी उडी मारू शकत नाही. थोडक्यात, निकाल शून्य टक्के.

इथेच थांबले असते तर तो अभ्यास कपाटात गेला असता. पण या मंडळींनी प्रश्न बदलला. एकेक जनुक कसे आहे हे न विचारता, एका कामात गुंतलेली जनुके मिळून कुठे सरकली आहेत का, असे त्यांनी विचारले. पेशीतील तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेची जनुके त्यांनी एकत्र घेऊन पाहिली. मधुमेहींमध्ये या संचातील दहापैकी जवळजवळ नऊ जनुके मंद झालेली होती. प्रत्येक थोडीच, सरासरी वीस टक्के. दुपटीची रेघ लावली असती तर या संचातले काहीच हाती लागले नसते. आगगाडीच्या सगळ्या डब्यांचे वंगण थोडे थोडे कमी झाले, तर एकाही डब्याविरुद्ध तक्रार नोंदवता येत नाही, तरी गाडी उशिरा पोचते. तसे ते होते.

ही मंदी मधुमेहाचे कारण आहे की परिणाम, यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो मिटलेला नाही. पण मंदी आहे, हे दिसले ते पद्धत बदलल्यामुळे.

ही पद्धत २००५ मध्ये अरविंद सुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात सुधारून मांडली. त्या निबंधात फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक उदाहरण आहे. बोस्टन आणि मिशिगन येथील दोन स्वतंत्र अभ्यासांत रुग्णाच्या जगण्याशी सर्वाधिक निगडित अशी पहिली शंभर-शंभर जनुके काढली, तेव्हा दोन्ही याद्यांत सामाईक जनुके निघाली फक्त बारा. शंभराची रेघ ओढणाऱ्याला वाटावे की दोन शहरांत दोन वेगळे रोग आहेत. जनुकसंचांच्या दृष्टीने पाहिले तेव्हा मात्र दोन्हीकडच्या निष्कर्षांत पुष्कळ साम्य दिसले.

हे विश्लेषण चालते कसे, ते आपल्या चाळीस मुलांवर करून पाहू. सगळ्यात कमी गुणांपासून सगळ्यात जास्त गुणांपर्यंत मुलांना एका ओळीत उभे करा. ओळीच्या खालच्या टोकापासून चालू लागा. वाडीचे मूल भेटले की एक पायरी वर चढा, नदीअलीकडचे भेटले की एक पायरी खाली उतरा. वाडीची मुले दहा, म्हणून चढायची पायरी एकदशांश. अलीकडची तीस, म्हणून उतरायची पायरी एकतिसांश. ओळ संपताना आपण पुन्हा शून्यावर येतो. प्रश्न एवढाच, की वाटेत जास्तीत जास्त किती उंच गेलो होतो? आठ मुले झाल्यावर उंची ०.१३ होते. पुढची चारही वाडीची, म्हणून बारा मुलांअखेर ती ०.५३ होते. त्यानंतरची चार मुले अलीकडची आणि वाडीची उरलेली ओळीत बऱ्याच वर आहेत असे धरू, मग ०.५३ हेच शिखर. जनुकांच्या बाबतीत याच शिखराला त्या संचाचा गुणांक म्हणतात.

एवढी उंची योगायोगाने येते का? त्यासाठी चाळीस चिठ्ठ्या पिसून पुन्हा ओळ लावायची, शिखर मोजायचे, आणि हे शेकडो वेळा करायचे. कुठल्याही दिशेने इतके मोठे शिखर शंभरात दोनतीनदा मिळते. हे एक उत्तर आहे आणि ते पस्तिसावर, चाळिसावर किंवा पन्नासावर अवलंबून नाही. प्रत्येक मुलाची जागा त्यात मोजली गेली आहे. पद्धतीची ही बाजू खरोखर सुरेख आहे आणि आठवी-नववीच्या मुलांनाही ती समजते.

मग तक्रार कशाची?

पहिली तक्रार चिठ्ठ्या पिसण्याची. वाडीची मुले एकमेकांपासून सुटी नसतात. एकाच ओट्यावर अभ्यास करतात, एकाच ताईकडून गणित शिकतात, एक चुकला की दुसरा तसाच चुकतो. त्यांचे गुण साकव नसतानाही एकमेकांच्या जवळच पडणार. सुट्या चिठ्ठ्या पिसताना आपण ही नाती तोडतो आणि मग वाडी एकत्र सापडली म्हणून आश्चर्य करतो. जनुकांचेही असेच असते. एका कामातली जनुके एका सुरात वरखाली होतात. म्हणून जनुकांच्या चिठ्ठ्या न पिसता माणसांच्या पिसाव्यात, म्हणजे ‘मधुमेही’ आणि ‘निरोगी’ या पाट्या माणसामाणसांत अदलाबदल करून पाहाव्यात, असे पद्धत करणाऱ्यांनीच सांगितले आहे. पण त्याला प्रत्येक गटात किमान सात नमुने हवेत, असेही ते सांगतात. सात नमुने गोळा करणे महाग पडते. तीन रोगी आणि तीन निरोगी एवढ्यावर काम करणारे पुष्कळ आहेत. ते सोयीचा रस्ता धरतात आणि जनुकेच पिसतात.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. संगणकाच्या कार्यक्रमाला एक संच न देता हजारो संच दिले जातात. म्हणजे वीस हजार परीक्षांचे संकट काही हजार परीक्षांच्या रूपाने परत येते. त्यावर तोडगा म्हणून ‘खोट्या शोधांचे प्रमाण’ मोजतात. ही कल्पना इस्राएलच्या बेन्यामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडली : आपण निवडलेल्या संचांपैकी किती टक्के संच फसवे असावेत, याचा तो अंदाज. जनुकसंच विश्लेषणाच्या कर्त्यांनी सुचवले की २५ टक्क्यांपर्यंतचे संच विचारात घ्यावेत. म्हणजे चार निवडले तर सरासरी एक फसवा. नमुने थोडे आहेत, आपण अजून चाचपडतो आहोत, पुढच्या प्रयोगासाठी कल्पना हव्या आहेत, तेव्हा एवढी सैल रेघ चालेल, असे त्यामागचे समर्थन होते. समर्थन योग्यच होते. जनुके पिसली असतील तर मात्र रेघ कडक करावी, पाच टक्के ठेवावी, असाही इशारा त्याच सूचनांत आहे.

पण सूचनेतला आकडा प्रवास करतो आणि त्याच्या अटी मागे राहतात. निबंधांत एक वाक्य दिसते : शिफारस केल्याप्रमाणे २५ टक्क्यांखालील संच लक्षणीय मानले. शिफारस कोणत्या परिस्थितीसाठी होती, आपण पिसले काय होते, हे बहुधा त्या वाक्यात नसते. ज्यांना २५ टक्क्यांत फार संच मिळतात ते पाचावर येतात, ज्यांना पाचात काही मिळत नाही ते पंचविसावर जातात. आपले चौथे सर इथे पुन्हा भेटतात. यात पणाला काय लागलेले असते? चार संचांतला एक फसवा निघाला आणि नेमका त्याच्याच मागे एखादी विद्यार्थिनी पीएच.डी.ची चार वर्षे लागली, तर ती वर्षे परत मिळत नाहीत. उंदरांवरचे प्रयोग, रसायने, पैसा, हे वेगळेच.

तिसरी रेघ तर कोणाच्या नजरेलाच पडत नाही. या संगणक-कार्यक्रमाची मूळ मांडणी पंधरापेक्षा कमी आणि पाचशेपेक्षा जास्त जनुके असलेले संच आपोआप वगळते. कारण आहे; फार लहान संचाचे शिखर एकदोन जनुकांच्या उड्यांवर हलते. हा आकडा बदलता येतो, पण किती जण बदलतात? आपल्या उदाहरणातली वाडी दहा मुलांची आहे. मूळ मांडणीत ती हिशेबातच आली नसती, आणि अहवालात ‘वाडीवर परिणाम आढळला नाही’ असे वाचायला मिळाले असते. आढळला नाही आणि पाहिलाच नाही, या दोन गोष्टी छापील पानावर सारख्या दिसतात.

पायरीच्या उंचीचाही प्रश्न आहे. २००३ च्या मूळ पद्धतीत सगळ्या पायऱ्या सारख्या होत्या. त्यामुळे यादीच्या अगदी मध्यात, म्हणजे जिथे फरक जवळजवळ नाही तिथे, गर्दी करून बसलेल्या संचालाही मोठे गुणांक मिळत. २००४ मध्ये डेमियन आणि गोर्फिन यांनी या पद्धतीवर सांख्यिकीय आक्षेप घेतले. २००५ च्या सुधारणेत टोकाजवळच्या जनुकांना मोठी पायरी आणि मधल्यांना लहान पायरी देण्यात आली. किती मोठी? तेही एका निवडलेल्या आकड्यावर ठरते. २००९ मध्ये राफाएल इरिझारी आणि सहकाऱ्यांनी तर असे दाखवले की शिखरबिखर न काढता संचातील जनुकांची साधी सरासरी घेऊन परीक्षा केली तरी बहुतेक काम भागते. हा टोमणा मला आवडतो, कारण सरासरी काढणाऱ्याला आपण काय केले ते माहीत असते.

एक रेघ पुसायला जावे आणि दुसरी हाती यावी, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तशाच चालीचा एक मोठा वाद पुण्यात झाला होता. तो जनुकांवर नव्हता, भाकरीवर होता.

गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च ही त्यांनी रेघ धरली. १९६०-६१ च्या किमतींना ती ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होती. तिच्याखाली खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे निघाली. देश हादरला. त्यावर आक्षेप घेतला पां. वा. सुखात्मे यांनी. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९३० च्या दशकात त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सांख्यिकीचा अभ्यास केला. तिथे एकाच इमारतीत एका मजल्यावर फिशर आणि दुसऱ्या मजल्यावर पिअर्सन व नेमन अशा, एकमेकांशी न पटणाऱ्या दोन शाळा भरत होत्या. शंभरात पाचाची रेघ आज जगभर ज्यांच्या नावाने चालते ते हेच फिशर. १९२५ च्या पुस्तकात त्यांनी ती ‘सोयीची’ म्हणून सुचवली होती. पुढे १९५६ मध्ये मात्र, कोणताही शास्त्रज्ञ दरवर्षी आणि प्रत्येक परिस्थितीत एकच ठराविक पातळी लावत नसतो, अशा अर्थाचे त्यांनीच लिहिले. आकड्याने अटी मागे टाकल्याचे हे आणखी एक उदाहरण.

सुखात्मे पुढे वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहून पुण्याला परतले. त्यांचे म्हणणे असे : माणसाची गरज हा एक ठरलेला आकडा नाही. त्याच माणसाचे खाणे आणि खर्च होणारी ऊर्जा दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला कमीजास्त होत असते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत ते सांभाळून घेते. मग सरासरी गरजेवर रेघ ओढून तिच्याखालच्या प्रत्येकाला उपाशी मोजले, तर धडधाकट माणसांच्या समाजातही जवळजवळ निम्मी माणसे उपाशी ठरतील. आक्षेपाचा हा भाग मला बिनतोड वाटतो. पण सुखात्म्यांनाही मोजायचे होतेच. त्यांनी रेघ सरासरीपासून दोन प्रमाण विचलने खाली नेली. उपाशी माणसांचा आकडा एकदम घसरला. आणि मग दांडेकर, गोपालन आणि इतरांनी विचारले ते विचारायलाच हवे होते : दोनच विचलने का? शरीर सांभाळून घेते म्हणता, ते काय किंमत देऊन? मूल खुरटे राहून?

दोघेही आपापल्या विषयातले अव्वल. दोघांनाही आकडेमोड येत होती. भांडण आकडेमोडीचे नव्हतेच. धान्य कोणाला द्यायचे हे ठरवायला सरकारला रेघ लागते आणि तिच्या जागेची जबाबदारी कोणीतरी उघडपणे घ्यावी लागते. सांख्यिकीच्या पुस्तकातून ती आपोआप निघत नाही. दांडेकर आणि सुखात्मे यांनी एक गोष्ट केली जी जनुकांचे आजचे अनेक निबंध करत नाहीत. आपली रेघ कुठे आहे, का आहे आणि ती हलवली तर किती माणसे इकडची तिकडे होतात, हे दोघांनीही चारचौघांत लिहिले. म्हणून आपण आज, इतक्या वर्षांनी, त्यांच्याशी वाद घालू शकतो.

जनुकसंच विश्लेषण टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. निवडक जनुकांच्या यादीपेक्षा ते पुष्कळ सरस आहे. माझे मागणे निबंध छापणाऱ्यांकडे आहे. एकच आकडा आणि त्याखाली उत्तीर्ण झालेल्या संचांची नावे न छापता सर्व संचांचे गुणांक द्यावेत. काय पिसले, किती लहान संच वगळले आणि रेघ मोजणीच्या आधी ठरवली की नंतर, हे सांगावे. अमेरिकेच्या सांख्यिकी संघटनेने २०१६ मध्ये या प्रकारच्या रेघांविरुद्ध जाहीर निवेदन काढले. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘लक्षणीय’ आणि ‘अलक्षणीय’ अशी विभागणीच सोडून देण्याची मागणी केली. एवढे होऊनही पंचविसाचे वाक्य छापले जातेच आहे.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल आणि त्याला संगणक लागत नाही. पोस्टकार्डाएवढे चाळीस पुठ्ठे कापावेत. प्रत्येकावर एक गुण लिहावा आणि त्यांतल्या दहांवर मागच्या बाजूला निळी खूण करावी. खऱ्या मुलांचे गुण घेऊ नयेत. वर्गाचे आठ गट पाडावेत. चार गटांनी पुठ्ठे पाहण्याआधीच आपली रेघ ठरवून वहीत लिहायची. चार गटांनी पुठ्ठे हवे तेवढे न्याहाळून मग ठरवायची. त्यानंतर सगळ्यांनी पायऱ्या चढण्या-उतरण्याचा आलेख काढायचा आणि पुठ्ठे पन्नास वेळा पिसून शिखरांची नोंद करायची. एका तासात होत नाही, दोन तास लागतात. आधी रेघ ठरवणाऱ्यांची उत्तरे फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहावीत आणि नंतर ठरवणाऱ्यांची रंगीत खडूने.